धोपटीतला जपानी वस्तरा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या वस्तू जमवणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. कुणी नाणी जमवतो, कुणी तिकिटे, कुणी अडकित्ते. मी वस्तरे जमवतो. हे सांगितले की समोरचा आधी माझ्या हनुवटीकडे बघतो आणि मग हसतो. पण या छंदात पोलादाचे शास्त्र आहे आणि गावगाड्याचा इतिहासही आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलायचे ठरवले.

आमचे गाव राजुरी. जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाताना लागते. माझे आजोबा गावचे वारीक, म्हणजे न्हावी. वर्षभर ओटीवर, पारावर, मळ्यात जाऊन हजामती करायच्या आणि सुगीत खळ्यावर जाऊन बलुते मागायचे, असा तो काळ. २००३ साली जुने घर उतरवताना माळ्यावर त्यांची धोपटी सापडली. आत कात्री, नराणी, चिमटा, पितळी वाटी, धारेचा दगड आणि दोन वस्तरे. एक गावठी, जाड पात्याचा, शिंगाच्या मुठीचा. दुसरा हलका, बारीक. पात्याच्या मागच्या दांडीवर इंग्रजी अक्षरांत ‘मेड इन जपान’.

वडील जवळच उभे होते. ते म्हणाले, “ते कशाला ठेवतोस? विहिरीत टाक.”

तेव्हा मला राग आला. त्यांच्या बोलण्याचा अर्थ पुढे कळला, तो शेवटी सांगतो.

जपानी वस्तरा राजुरीत आला कसा? १९३०च्या दशकात जपानी कापड, काचसामान आणि पोलादी किरकोळ वस्तू हिंदुस्थानच्या बाजारात स्वस्तात येत होत्या. शेफील्ड आणि सोलिंगेन ही वस्तऱ्यांची नामांकित गावे, एक इंग्लंडचे, एक जर्मनीचे. ज्याला त्यांचा माल परवडत नसे त्याने जपानी घ्यावा, हे ओघानेच आले. आजोबांनी मुंबईहून कुणाकडून तरी आणवला असावा.

पण मिटणारा वस्तरा हा जपानचा मूळचा नव्हे. त्यांचा स्वतःचा वस्तरा म्हणजे कामिसोरी. तो मिटत नाही. पाते आणि दांडी एकसंध असते आणि धरायच्या जागी वेत गुंडाळलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूही सारख्या नसतात. मऊ लोखंडाला कडक पोलाद जोडून तो घडवतात. आपला लोहार कुऱ्हाडीला पोलाद भरतो, तीच ही युक्ती, फक्त फार नाजूक हाताने केलेली. १८७१ साली जपानी सरकारने पुरुषांना डोक्यावरची पारंपरिक गाठ सोडून केस कापायला मोकळीक दिली आणि १८७६ साली सर्वसाधारण लोकांना तलवार बाळगायला बंदी केली. तलवारी घडवणाऱ्या अनेक हातांना मग सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांकडे वळावे लागले. पाश्चात्त्य धर्तीचे केशकर्तनालय आले, तसा मिटणारा वस्तराही तिथे बनू लागला. निइगाता प्रांतातले सान्जो हे गाव अशा पोलादी कामासाठी आजही ओळखले जाते.

वस्तऱ्याचे वय ठरवायला ठसा उपयोगी पडतो. अमेरिकेने १८९०च्या कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले, त्यामुळे निर्यातीच्या मालावर देशाचे नाव दिसू लागले. ‘ऑक्युपाइड जपान’ असा ठसा असेल तर तो माल दुसऱ्या महायुद्धानंतरचा, म्हणजे जपान दोस्तांच्या ताब्यात असतानाचा. ती सत्ता १९५२ साली संपली. म्हणून ठसा हा वस्तऱ्याचा जन्मदाखला समजावा. तो पुसला तर मागे नुसते पोलाद उरते.

हे मी ठेच खाऊन शिकलो. गावठी वस्तरा आधी हातात घेतला आणि उत्साहाच्या भरात मोटारीच्या सहाणेवर धरला. गंज गेला, पाते आरशासारखे झाले, पण त्याबरोबर कारागिराचा ठसाही गेला. शिवाय धारेजवळ निळसर झाक आली. पोलाद तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते. पुढे त्याला कितीही धार लावा, ती टिकत नाही. आजोबांच्या दोन वस्तऱ्यांपैकी एक मी असा दहा मिनिटांत घालवला.

जपानी वस्तऱ्याला मग तीन महिने दिले. आधी तडा आहे का ते बघायचे. नखाने धार अगदी हलके टिचकावली तर चांगले पाते स्वच्छ वाजते, तडकलेले बद्द वाजते. मग गंज ओळखायचा. लाल गंज पोलाद खात राहतो, तो काढायचा. काळपट सावळा थर मात्र राहू द्यावा. तो वयाचा रंग आहे. तेल लावून दोन दिवस मुरू द्यायचे आणि बारीक पॉलिश पेपरने हाताने घासायचे, ठशाची जागा सोडून. गंजाचे खड्डे धारेपर्यंत गेले असतील तर तो वस्तरा दाढीला निरुपयोगी, नुसता ठेवायला बरा.

मूठही तपासावी. शिंगाची असेल तर तेल द्यावे. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीतून आम्लाच्या वाफा सुटतात आणि पाते आतून गंजते. शिवाय ती चटकन पेट घेते, म्हणून वेगळी ठेवावी. मूठ हस्तिदंताची आहे असे कुणी सांगितले तर व्यवहारच करू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार गुन्हा आहे.

आता धार. विळा किंवा सुरी पाजवताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो घडणीतच असतो. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही टेकतात. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाते १८ मिलिमीटर रुंद असेल तर कोन सुमारे १६ अंशांचा येतो. गंमत पुढेच आहे. पाजवून पाजवून धार झिजते, तशी पाठही झिजते, म्हणून पुष्कळ वर्षे कोन फारसा बदलत नाही. ज्याने ही रचना प्रथम केली, त्याने वापरणाऱ्याच्या म्हातारपणाचाही विचार केला होता.

दगड भरडापासून बारीकपर्यंत. साधारण १००० नंबरने सुरुवात आणि ८००० किंवा १२०००ने शेवट. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. उलटे झाले तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. मला हे पुस्तकातून जमेना. एके दिवशी वडील मागे येऊन उभे राहिले. “मनगट वळवू नकोस, वस्तरा पाठीवर लोळव,” म्हणाले, आणि माझ्या हातातून घेऊन चार हात मारून दाखवले.

त्या संध्याकाळी ते बोलले. खळ्यावर आजोबा धान्यासाठी थांबत, तेव्हा लहानपणी ते बरोबर असत. शेतकऱ्यांची मापे होईपर्यंत उभे राहायचे, वर दोन शब्द ऐकून घ्यायचे. मोठे झाल्यावर त्यांनी नारायणगावात आरसा-खुर्चीचे दुकान टाकले. रोख पैसे, आणि दाढीला बसणारा माणूस आपल्या दारात. त्यांच्या लेखी ती धोपटी म्हणजे खळ्यावरचे ते उभे राहणे होते.

याच वस्तऱ्याची दुसरीही बाजू आहे. संत सेना महाराजांच्या अभंगात न्हाव्याची हत्यारे परमार्थाची साधने झाली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला. ज्या वस्तऱ्यावर पोट, तोच त्यांनी खाली ठेवला. हे वडिलांना मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण विहिरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आजोबांच्या वस्तऱ्याची धार टोकाकडे जास्त झिजलेली आहे. ती सरळ करता आली असती. मी केली नाही. त्यांचा हात टोकाकडे भार देत असे, एवढेच त्यांच्याबद्दल त्या पोलादाने जपून ठेवले आहे. त्याने दाढी मी फक्त माझीच करतो. एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावला तर रक्तातून कावीळ किंवा एचआयव्ही पसरू शकतो, आणि म्हणूनच दुकानांत आता दर गिऱ्हाइकाला नवे पाते लागते.

तुमच्याही माळ्यावर, किंवा जुन्या बाजारात, असा वस्तरा सापडेल. किंमत विचारण्याआधी तो कुणाचा होता, ते विचारा. ज्याच्या घरातून आला, त्याला तो नकोसा असेल तर का, तेही ऐकून घ्या. मग तेल लावा.