कर्ता आणि कारयिता : ओरत्तनाडुच्या छत्रापासून परनामी प्रबंधलेखनापर्यंत

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ छत्र उभारले. त्यावरून हे स्थान मुक्तांबाळपुरम् या नावानेही ओळखले गेले. तंजावरकरांची छत्रे म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हेत. वाटसरूंना अन्न व निवारा देण्याबरोबरच तेथे पाठशाळा चालत आणि शिक्षक-विद्यार्थ्यांच्या योगक्षेमाची तरतूद असे. विद्वत्तेचा निर्वाह कोणी आणि कशाच्या बदल्यात करावयाचा, या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तर होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अगदी वेगळ्या अशा एका आधुनिक उत्तराचा विचार करावयाचा आहे.

दुसऱ्याच्या नावावर जाणारे प्रबंध, शोधनिबंध व ग्रंथ मोबदला घेऊन लिहिणे, ज्यास इंग्रजीवरून ‘घोस्ट रायटिंग’ म्हटले जाते, त्यास येथे ‘परनामी लेखन’ म्हटले आहे. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आणि तमिळनाडूत अतिथी व्याख्याता म्हणून वर्षानुवर्षे काढणाऱ्या पदवीधरांपैकी काहीजण या व्यवसायाकडे वळतात. मुलाखत नाही, शिफारस नाही, बदली नाही. मात्र वाचन व लेखन अखंड चालू राहते. म्हणून ते यास विद्यापीठीय सेवेचा ‘पर्याय’ म्हणतात. हा शब्द कितपत टिकतो, हे पाहावयाचे आहे.

परनामी लेखनाचे स्मरण संस्कृत काव्यशास्त्रालाही आहे. ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने काव्यप्रयोजनांत अर्थप्राप्तीचे उदाहरण म्हणून श्रीहर्षाकडून धन मिळविणाऱ्या धावकाचा निर्देश केला, काही पोथ्यांत धावकाऐवजी बाणाचे नाव येते. धावकाने ‘रत्नावली’ रचून ती हर्षाच्या नावे केली, असा अर्थ टीकाकारांनी लावला. त्यांत काशीचे महाराष्ट्रीय वैयाकरण नागेशभट्ट काळे हेही होते. विशेष असे की, रामायणावरील ‘तिलक’ टीका नागेशांनीच आपला आश्रयदाता, शृंगवेरपूरचा राजा राम, याच्या नावे लिहिली, असे अभ्यासक मानतात. धावकाची कथा सांगणारा स्वतः त्याच वाटेने गेला होता.

तंजावरच्या दरबारातही हा प्रश्न उपस्थित होतो. शहाजी, तुळजा आणि सरफोजी या राजांच्या नावावर अनेक भाषांतील ग्रंथ नोंदलेले आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे भूगोलाची माहिती देणारे मराठी नाट्य सरफोजींच्या नावे आहे. धन्वंतरी महालातील वैद्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेले औषधयोग ‘शरभेंद्र’ या त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. राजे स्वतः व्युत्पन्न होते, त्यामुळे त्यांचे कर्तृत्व सरसकट नाकारणे अन्यायाचे होईल. तथापि करणारा ‘कर्ता’ आणि करवून घेणारा ‘कारयिता’ यांतील भेद ग्रंथसूचीत बहुधा पुसला जातो. तो न पुसल्याचे उदाहरणही तंजावरातच आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील १८०३ सालच्या मराठी शिलालेखात भोसले वंशाचा इतिहास सरफोजींच्या आज्ञेने कोरला गेला. परंतु तो लिहिणाऱ्या बाबुराय चिटणिसाचे नावही त्यात टिकून राहिले. आज्ञा एकाची, लेखणी दुसऱ्याची, आणि दोघांचीही नोंद.

मग धावकाचा व्यवहार क्षम्य आणि आजचा दोषार्ह का? दोहोंत विकले जाते ते वेगळे आहे. दरबारात राजा यश विकत घेत असे. ‘रत्नावली’ कोणाचीही असो, त्या नावावर कोणास अध्यापनाचा अधिकार मिळत नव्हता. विद्यापीठातील प्रबंध हा मात्र ग्रंथ असण्यापूर्वी पुरावा असतो. अमुक व्यक्तीस संशोधन करता येते, ही त्यातील मुख्य प्रतिज्ञा. नाव बदलताच ग्रंथ तसाच राहतो, पुरावा खोटा होतो. आणि त्या पुराव्यावर मिळालेल्या पदाचा परिणाम पुढील पिढीच्या विद्यार्थ्यांस भोगावा लागतो.

या व्यवहाराला प्रशासकीय मोजमापानेही हातभार लावला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंधाचे प्रकाशन आवश्यक केले आणि २०१० साली शिक्षकांच्या निवड-पदोन्नतीसाठी गुणांकन आणले. प्रकाशनाची ही अट २०२२च्या विनियमांत सक्तीची उरली नाही. वाङ्मयचौर्यासंबंधीचे २०१८चे विनियम साम्याची टक्केवारी मोजून श्रेणी ठरवितात. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. परनामी प्रबंध नव्याने लिहिलेला असल्याने या कसोटीस सहज उतरतो. त्याच विनियमांनुसार प्रबंध स्वतः सिद्ध केल्याची हमी विद्यार्थ्यास द्यावी लागते. भंग होतो तो या हमीचा, आणि तो संगणकास दिसत नाही. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकास तो दिसू शकतो, जर त्याने प्रबंध खरोखर वाचलेला असेल.

आता ‘पर्याय’ या शब्दाकडे परत येऊ. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी शिफारसपत्रासाठी आला होता. आपण इतरांसाठी प्रबंध लिहिल्याचे त्याने संकोचाने सांगितले. त्याच्या आत्मवृत्तात प्रकाशनांच्या रकान्यात एकच नोंद होती. मी पत्र लिहिले, परंतु त्याचे सर्वोत्तम काम त्यात नमूद करता आले नाही. पर्यायातून परतीची वाट असावी लागते. येथे लेखक जितके उत्तम लिहितो, तितका दुसऱ्याचा अधिकार बळकट होतो. आणि ज्या जागेसाठी तो थांबला आहे, त्या जागेवर त्याच्याच लेखनाच्या आधारे दुसरा येऊन बसू शकतो. धावकास निदान आख्यायिकेत नाव मिळाले. यास गुप्ततेच्या अटीमुळे तेही मिळत नाही.

तेव्हा केवळ लेखकास दोष देऊन भागणार नाही. संपादन, भाषांतर, संदर्भसूची, भाषिक संस्कार ही कामे मोबदल्याची आणि नावानिशी नोंदविण्याजोगी आहेत. बाबुरायाची नोंद हा त्याचा आपल्याच भाषेतील आधार आहे. ओरत्तनाडुच्या छत्रात अध्यापकास अन्न मिळे ते त्याने शिकविले म्हणून. त्यासाठी त्याला आपले नाव गहाण टाकावे लागत नव्हते. विद्यापीठे एवढी साधी तरतूद करीत नाहीत, तोवर परनामी लेखनाविरुद्धचा प्रत्येक नियम अपुराच राहील.