शंखजिऱ्याची भुकटी मिलमध्ये कशी दळतात?

आम्ही कापडवाले खळीत वजनासाठी शंखजिऱ्याची भुकटी घालतो, पण ती कशी दळतात हे थोड्यांनाच ठाऊक आहे. उदयपूरकडचा दगड आधी क्रशरमध्ये फोडतात. ते खडे रेमंड मिलमध्ये जातात. तेथे गरगर फिरणारे पोलादी रोलर बाहेरच्या कड्यावर दाबतात व खालचा नांगर माल उचलून त्यांच्यामध्ये लोटतो. खरी करामत मात्र हवेची. पंख्याचा झोत भुकटी वर नेतो, वरची फिरती चक्री जाड कण परत खाली पाडते, बारीक तेवढी सायक्लोनमध्ये जमते. उरलेली धूळ कापडी पिशव्यांत अडते. म्हणजे शेवटी कापडच कामाला आले! चक्री हळू फिरवली की माल जास्त निघतो, पण जाड.

पोत्यावर ३२५ मेश लिहिलेले असते, म्हणजे चाळणीच्या एका इंचात ३२५ छिद्रे. छिद्र सुमारे ४५ मायक्रॉनचे. एकदा आम्ही तो आकडा वाचूनच माल घेतला. आत गारेची कच निघाली, फणीत सूत तुटू लागले व सबंध बीम वाया गेला. आता १०० ग्रॅम नमुना त्याच मेशच्या चाळणीवर पाण्याने धुतो, वर राहिलेला गाळ वाळवून तोलतो. दोन ग्रॅमवर गेला की पोती परत, मग व्यापारी कितीही जुना असो.