संगीताचा गोल आणि आमच्या मुली

गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर 14 ऑक्टोबर 2025 रोजी भारताचा पुरुष फुटबॉल संघ सिंगापूरकडून 2-1 असा हरला, आणि 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. त्यावर रकानेच्या रकाने भरले. पण त्याच वर्षी 5 जुलैला थायलंडमधील चियांग माई येथे मुलींनी काय केले, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

समोर यजमान थायलंड, दोन विश्वचषक खेळलेला संघ. बरोबरी 1-1. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. पहिला गोलही तिचाच! पात्रता सामने जिंकून मुलींचा संघ आशिया चषकासाठी प्रथमच पात्र ठरला.

समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते. आम्ही नांदेडच्या वस्त्यांत हिंडतो. जयंतीला लेझीम खेळणारी पोर सातवी-आठवीनंतर मैदानावर दिसत नाही. धुणीभांडी, धाकटे भावंड, आणि लोक काय म्हणतील! बूट घ्यायचे तर पोराला.

विहारामागच्या मोकळ्या जागेत रविवारची सकाळ तरी मुलींसाठी राखा, एवढेच आम्ही मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगत आहोत. चेंडूची वर्गणी आम्ही गोळा करू.