तीस रेषांतील नाटक आणि दृष्टीचे क्षितिज

मुंबईच्या वरळी केंद्रावरून दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीपासून अलिबाग सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर. मुंबई शहर ओलांडले की मध्ये पाणीच. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचा हा किनारा त्या लहरींना मोकळा होता. डोंगराआडची गावे मात्र त्यांच्या सावलीत पडत. आरंभीच्या यांत्रिक दूरचित्रवाणीत हा भेद इतका तीव्र नव्हता. असे का, हे पाहण्याजोगे आहे.

निपकोव्हने १८८४ साली योजलेल्या चकतीवर काठाजवळ सर्पिलाकार छिद्रे असत. चकती फिरली की प्रत्येक छिद्र दृश्याची एकेक रेषा टिपी. बेअर्डच्या यंत्रात अशा ३० रेषा आणि सेकंदाला साडेबारा चित्रे असत. ग्राहकाकडील चकती त्याच लयीत फिरली नाही, तर चेहरा सरकू लागे. एवढा तुटपुंजा मजकूर आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर मावे, आणि त्या लहरी जमिनीला धरून दूरवर जात.

त्याची किंमत नाटकाला द्यावी लागली. १४ जुलै १९३० रोजी लंडनहून पिरांदेल्लोचे ‘तोंडात फूल असलेला माणूस’ प्रक्षेपित झाले. चौकटीत एका वेळी एकच चेहरा मावे. म्हणून पात्र बदलताना मध्ये चौकड्यांचा फळा सरकवीत, आणि त्याच्याआड नट आपली जागा बदलीत. त्याआधी, १९२८ साली, अमेरिकेत स्केनेक्टडी येथे झालेल्या ‘राणीचा दूत’ या नाटकात तर चेहरे एका नटांचे आणि हात दुसऱ्यांचे होते! समीपदृश्य चित्रपटाला ठाऊक होतेच. येथे मात्र ते कलावंताने निवडले नव्हते, यंत्राने लादले होते. तरी पिरांदेल्लोचे ते संभाषणप्रधान नाटक निवडणाऱ्यांची जाण वाखाणण्यासारखी आहे. मूळ प्रयोगाचे चित्रमुद्रण नाही. १९६७ साली ते पुन्हा ३० रेषांतच उभे करावे लागले.

ब्रिटनमधील ३० रेषांची सेवा सप्टेंबर १९३५ मध्ये बंद झाली. भारतात आलेल्या ६२५ रेषांच्या चित्राला मध्यम लहरी अपुऱ्या पडतात. त्याला अतिउच्च वारंवारतेच्या लहरी लागतात, आणि त्या जवळजवळ सरळच जातात. शंभर मीटर उंचीच्या प्रक्षेपकापासून त्यांचे क्षितिज सुमारे ४१ किलोमीटरवर येते. अलिबागला घराच्या छपरावर उंच आकाशक उभारला की ते आणखी थोडे पुढे सरके.