मितीच्या शेजारी तारीख

यवतमाळ जिल्ह्यातील वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस आदी बाजारपेठांत स्थिरावलेल्या अनेक जैन घराण्यांचे पूर्वज राजस्थान वा गुजरातेतून आले. त्यांच्या वह्यांबरोबर त्यांची कालगणनाही आली. जुनी वही वाचताना याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात व गुजरातेत चांद्रमास अमावास्येला संपतो, तर राजस्थानात पौर्णिमेला. परिणामी सुद पक्षाचे महिने दोन्हीकडे सारखेच राहतात. वद पक्षाचे मात्र बदलतात. दिवाळीची अमावास्या येथे आश्विनाची, तेथे कार्तिकाची. भगवान महावीरांचा निर्वाणदिन कोठे आश्विन, तर कोठे कार्तिक अमावास्या असा लिहिलेला आढळतो, त्याचे कारण हेच. दिवस एकच आहे.

संवताचीही तीच गत. उत्तरेकडे विक्रम संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत दिवाळीनंतर. जुलै २०२४ मध्ये एका गणनेने २०८१ चालू होता, दुसरीने २०८०.

समजा, मारवाडहून आलेल्या पणजोबांनी ‘कार्तिक वद ५’ अशी मिती घातली आहे. पणतूने ती मराठी पंचांगात शोधली, तर तो एक महिना पुढे जाईल. नोंद निधनाची असेल, तर पुण्यतिथी भलत्याच महिन्यात होईल.

नोंद उसनवारीची असेल, तर प्रश्न हक्काचा ठरतो. उसन्या रकमेच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे असते आणि १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम २४ सर्व दस्तऐवज इंग्रजी कालगणनेनुसार झाल्याचे मानते. मुदत संपत आलेली असताना महिन्याचा घोळ दावा बुडवू शकतो.

याचा अर्थ मिती सोडावी असा नव्हे. २२ मार्च १९५७ पासून शक संवत आपली राष्ट्रीय दिनदर्शिका आहे आणि त्यातील तारीख घातलेला धनादेशही बँकेत ग्राह्य धरला जातो. मितीत आपले सण, व्रते आणि पूर्वजांची स्मृती आहे. तिच्या शेजारी तारीख असावी, इतकेच. तीही महिन्याचे नाव व पूर्ण साल घालून लिहावी. नुसते ०५/०६ लिहिले, तर अमेरिकेतील मुलगा पाच जूनऐवजी सहा मे वाचेल.

घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारावे, आपल्या वह्या कोणत्या गणनेच्या? त्यांचे उत्तर प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर नोंदवून ठेवावे. अक्षर वाचणारे पुढेही मिळतील. हे सांगणारे मिळतीलच असे नाही.