अग्निबाण आणि नागलीचे शेत

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत, वांगणीस काय किंवा शेजारच्या गावी काय, राब भाजून झाले की शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे लागते. त्याच आभाळाचा शोध आपल्या देशाने कसा आरंभिला, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

१९६२ साली डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा केरळातील थुंबा या मच्छीमार गावाजवळून जाते; म्हणून अग्निबाण सोडण्यास ती जागा पसंत करण्यात आली. या निवडीत कोल्हापुरात जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस यांचाही वाटा होता. तेथील कोळी कुटुंबांनी आपली घरे सोडली व गावचे प्रार्थनामंदिर शास्त्रज्ञांची कचेरी बनले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. त्याने उंचावर सोडियमची वाफ सोडली. अशा वाफेचा ढग कसा सरकतो, हे पाहून तेथील वाऱ्याची दिशा व वेग समजतो.

गरीब देशास हा खर्च कशास हवा, असा प्रश्न तेव्हा विचारला जाई. चंद्रावर जाण्याची चढाओढ आपणास करावयाची नाही, हे ज्ञान लोकांच्या अडचणी दूर करण्यास लावावयाचे आहे, अशी साराभाईंची भूमिका होती. ती पुढे कृतीत उतरली. केरळातील नारळबागांची विशेष छायाचित्रे आकाशातून घेऊन रोगट माडांचा शोध घेण्यात आला. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शेती, आरोग्य व शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या प्रयोगाची धुरा डॉ. चिटणीस यांनी वाहिली.

आज उपग्रह ढगांची चित्रे पाठवितात व हवामानाचा अंदाज बांधण्यास त्यांचे साहाय्य होते. परंतु आपल्या उतारावरील नागली-वरईची लावणी केव्हा करावी, हे उपग्रह सांगत नाही. तो अंदाज वेळेवर पाड्यापाड्यांत पोहोचविणे, सोप्या शब्दांत समजाविणे व जाणत्या शेतकऱ्यांच्या अनुभवाशी पडताळून पाहणे, हे कार्यकर्त्यांचे काम होय. थुंब्याच्या कोळ्यांनी ज्यासाठी घरे सोडली, त्या ज्ञानाचे चीज शेवटी शेताच्या बांधावरच व्हावयाचे आहे.