टाच मारूनही घोडा अडतोय? आधी स्वाराचं मन तपासा

दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घरी आणला, की थोड्या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "तिथं झकास चालत होता, इथं पुलाजवळ आला की अडतो." मग चाबूक निघतो. तरी जमलं नाही तर चांगलं जनावर 'अडेल' म्हणून कमी भावात विकलं जातं. पण खोट बऱ्याचदा घोड्यात नसते, वर बसलेल्याच्या भीतीत असते.

घोड्याला कसं कळतं?

अंगावर बसलेली माशीसुद्धा घोड्याला जाणवते. मग पाठीवरच्या माणसाचं ताठलेलं अंग त्याला कळणारच. घाबरलेला स्वार श्वास रोखतो, पुढे वाकतो, गुडघे आवळतो आणि नकळत लगाम ओढतो. म्हणजे टाच सांगते 'चल' आणि लगाम सांगतो 'थांब'. अशा वेळी घोडा थांबतो, मागे सरतो किंवा उधळतो.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये याबाबतचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोडा त्याच वाटेने चार वेळा न्यायचा होता. चौथ्या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल, असं माणसांना सांगितलं होतं. छत्री उघडलीच नाही. तरी नुसत्या धास्तीने माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्यासोबत घोड्याचेही!

काय करायचं?

- घोडा बिचकला तर आधी स्वतः लांब श्वास सोडा. खांदे सैल ठेवा.
- नजर घोड्याच्या कानांवर नको, जिथं जायचंय तिथं ठेवा.
- टाच देताना लगाम थोडा सैल सोडा. एका वेळी एकच इशारा द्या.
- एक पाऊल पुढे टाकलं की लगेच टाचेचा दाब काढा, मान थोपटा. बरोबर केलं हे त्याला यातूनच कळतं.
- मन थाऱ्यावर नसेल तर खाली उतरा. घोड्याला शांतपणे हातानं चालवत न्या. यात कसला कमीपणा?

आधी हेही बघा

खोगिराने पाठ सोलली आहे का, नाल ढिली आहे का, तोंडात जखम आहे का, घोडा लंगडतो का, हे तपासा. दुखत असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवा. दुखण्यावर धीर देऊन भागत नाही.

आणि चाबूक? भ्यालेल्या घोड्याला पुलाजवळ मारलं, तर पूल म्हणजे मार एवढंच तो शिकतो. पुढच्या वेळी तो पुलाच्या बराच आधी अडेल.